तळहाताएवढा तलाठी

गोचीड बाबांच्या आरामखुर्चीच्या हातावरून चालली होती. अगदी निवांत, जेवायला बोलावलेल्या पाहुणीसारखी. आणि बाबा तिच्याकडे असे बघत होते की उल्का हातातलं काम टाकून धावली. तिनं पुढे होऊन चिमट्यानं गोचीड उचलली आणि साबणाच्या पाण्यात टाकली, तरी बाबांची नजर खुर्चीच्या हातावरून हलेना.

आता तुम्ही म्हणाल, एवढीशी गोचीड, तिला काय घाबरायचं! पण थांबा. गेल्या काजूच्या मोसमात सगुण गवस, म्हणजे उल्काचे बाबा, माकडतापानं आडवे झाले होते. गोचीड चावून येतो तो ताप. आधी तो दोडामार्गाकडच्या चारदोन गावांत यायचा आणि उन्हाळा सरला की जायचा. पण ही गोष्ट आहे तेव्हाची, जेव्हा थंडी नावालाच उरली होती, डोंगरातलं गवत कधी पुरतं वाळायचंच नाही आणि गोचिडींना बारा महिने सुगी होती. लोक सकाळी उठून मोबाईलवर पावसाच्या अंदाजाआधी गोचिडींचा नकाशा बघायचे. आंबेरण गावावरचा डोंगर त्या नकाशात कायम लाल.

हॉस्पिटलात बाबांच्या हिरड्यांतून रक्त आलं. उल्काला त्यांनी ओळखलंही नव्हतं, "नर्स, पाणी दी" म्हणाले होते तिला. वाचले, घरी आले, पण खळ्याच्या म्हणजे अंगणाच्या कडेपलीकडे त्यांनी त्यानंतर पाऊल टाकलं नाही. डोंगरावरची काजूची बाग त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली, आणि आता ती बघायची म्हणजे उल्काच्या ड्रोनवरून! उल्का गावच्या सोसायटीसाठी काजूवर ड्रोननं फवारणी करायची. संध्याकाळी बाबा तिचा मोबाईल हातात घेऊन एकेक झाड मोठं करून बघायचे.

तर ती गोचीड साबणाच्या पाण्यात बुडाली आणि नेमका त्याच वेळी शेपटी हलवत तलाठी आला.

तलाठी म्हणजे कुत्रा. लहानपणी घरी आणला त्याच दिवशी त्यानं गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेकडेनं अख्ख्या जमिनीला फेरी मारली, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून पाय वर केला, आणि बाबा म्हणाले, "ह्यो मोजणी करता रे! तलाठीच हो!" नाव पडलं ते पडलंच. एकदा खरे तलाठी चौकशीला आले तेव्हा आईनं आतूनच ओरडून "तलाठ्या, चपलेक तोंड लावू नको!" असं सांगितलं होतं आणि ते बिचारे दारातच थिजले होते.

त्या तलाठ्याला बघून बाबांनी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"उल्का, हो कुत्रो उद्यापास्ना हयसर दिसाक नये."

"बाबा, तुमीच हाडलात ना तेका, शर्टाच्या खिशात घालून!"

"हाडलंय तेव्हा तो गोचड घेऊन फिरणा नव्हतो. एक तो ऱ्हवात, नायतर मी. मी जातंय बेळगावाक, ताईकडे."

ते ओरडले असते तरी उल्कानं भांडून घेतलं असतं. पण ते हळू बोलले. म्हणजे खरंच जाणार होते.

"कोण खंय जाणा नाय," उल्का म्हणाली. "माका थोडे दिवस द्या. ह्याच्या अंगावर एक गोचीड ऱ्हवली तर मी स्वतः तेका सोडून येतंय."

बोलून गेली खरी. आता करायचं काय?

---

गेटपाशीच पहिला उपाय उभा होता. शेजारचे बाबलकाका, हातात म्हशीच्या गोचिडींची बाटली.

"ह्या घाल. माजी म्हस बघ कशी चकचकता. म्हशीक एक झाकान, कुत्र्याक अर्धा."

"काका, म्हस अंग चाटता काय?"

"म्हस कित्याक चाटतली?"

"तलाठी दिसभर चाटता. पाय, पोट, शेपटी. तुमचा अर्धा झाकान तेच्या पोटात जातला."

काकांनी बाटलीकडे बघितलं, तलाठ्याकडे बघितलं. तलाठी त्या क्षणी अशा ठिकाणी चाटत होता की काकांनी मान दुसरीकडे फिरवली. "बरा, बरा. डॉक्टरीणीकडे जा."

डॉक्टर लोबो माणसांपेक्षा जनावरांशी जास्त अदबीनं बोलायच्या. "या तलाठीसाहेब, बसा. तू पण बस गं," असं म्हणून त्यांनी तलाठ्याचे कान उलटे करून बघितले. उल्का तयारी करूनच आली होती, प्रश्नामागून प्रश्न.

"गोळी? महिन्याला एक?"

"चांगली असते. रक्तात औषध राहतं, गोचीड चावली की मरते. बहुतेक कुत्र्यांना काहीसुद्धा होत नाही. पण ह्याला फिट आली होती ना, गणपतीत, फटाक्यांच्या वेळी? फिटवाल्या कुत्र्याला ती गोळी द्यायला माझा हात धजावत नाही."

"मग मानेवर घालायचे थेंब?"

"घरात मांजर आहे?"

"फेणी. म्हातारी झालीय, एका डोळ्यानं दिसत नाही."

"झोपते कुठे?"

"ह्याच्या पोटाशी. रोज."

"मग त्या थेंबांचं नाव काढू नकोस. त्यातलं औषध कुत्र्याला पचतं, मांजराच्या लिव्हरला ते फोडताच येत नाही. नुसतं अंगाला अंग लागलं तरी थरथर कापत पडेल. मांजर घरात असताना चालतील असे दुसरे थेंब आहेत, पण गेल्या दोन वर्षांत आपल्याकडच्या गोचिडी त्यांना दाद देत नाहीत."

उल्का खुर्चीवर मागे टेकली. गोळी घ्यावी तर कुत्रा धोक्यात, थेंब घ्यावेत तर मांजर, काहीच करू नये तर बाबा. असं कसं एकातूनही वाट नाही?

डॉक्टर लोबोंनी फ्रीज उघडला आणि निळी बाटली टेबलावर ठेवली. "हे नवीन आहे. निर्गंध. ह्यात विष नाही."

"मग गोचीड मरते कशी?"

"मरतच नाही. तीच तर गंमत."

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. गोचिडीला डोळे असून नसल्यासारखे. ती गवताच्या टोकावर चढते, मागच्या पायांनी धरून बसते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरते, कुणाला मिठी मारायला उभी असल्यासारखी. त्या पुढच्या पायांत तिचं नाक असतं! त्या नाकाला कळतो श्वास, कळते ऊब, आणि कळतो कातडीचा वास. तो वास कुत्रा स्वतः बनवत नाही. त्याच्या कातडीवर कोट्यवधी जिवाणू राहतात, घाम आणि तेल खातात, आणि त्यातून वास सुटतो. प्रत्येक कुत्र्यावरची ही वस्ती वेगळी, म्हणून प्रत्येकाचा वास वेगळा. बाटलीतले जिवाणू प्रयोगशाळेत घडवलेले होते. ते कातडीवर घर करायचे, जुन्यांना हुसकून लावायचे, आणि वास तयार व्हायच्या आतच तो खाऊन टाकायचे. शंभरातली एखादी गोचीड श्वासाच्या मागानं आली तरी अंगावर चढून तिला वाटायचं, चुकलं, हा तर दगड. आणि ती उतरून जायची.

"फिट?"

"संबंधच नाही."

"फेणी?"

"चाटली तरी चालेल."

"मग ह्यात वाईट काय आहे?"

"कंपनीनं शेकडो कुत्र्यांवर बघितलंय. रक्त, लिव्हर, किडनी, सगळं ठणठणीत. मला तरी अजून वाईट काही सापडलेलं नाही. एकदा लाव, वर्षभर टिकेल. आणि फक्त अंगावर, कळलं? दुसरीकडे कुठे नको."

उल्का बाटली छातीशी धरून घरी आली. जिंकल्यासारखी.

---

आणि खरंच जिंकली होती ती! दुसऱ्या आठवड्यात तलाठी डोंगराखालचं गवत तुडवून आला, उल्कानं कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली सगळीकडे बघितलं. एक गोचीड नाही. नंतरही नाही. शेवटी एका संध्याकाळी बाबांनी स्वतः पाय खाली सोडले आणि तलाठ्याच्या डोक्यावर हात ठेवला. घाबरत घाबरत, तापलेल्या तव्याला हात लावावा तसा. पण ठेवला. आईनं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि पदरानं नाक पुसून आत गेली.

आता आईचं ऐका. बाटलीत थोडं उरलं होतं. कोकणातली बाई, तिनं उरलेलं काही कधी फेकलंय का? त्यात घरात ताप येऊन गेलेला. तिनं तलाठ्याचं जुनं गोणपाट चुलीत घातलं, कारण आजाऱ्याच्या घरातली जुनी अंथरुणं जाळायची हे तिच्या आईपासून चालत आलेलं. मग खळं सारवायला शेण कालवलं आणि त्यात ती उरलेली बाटली पालथी केली. खळ्यात पण गोचीड यायला नको, एवढाच तिचा साधा हिशोब. सगळं खळं, पडवी, तुळशीचा कट्टा, गोठ्याचा उंबरठा, सगळं असं सुरेख सारवलं की बघत राहावं.

कातडीवर मोजकं खाऊन राहणाऱ्या त्या जिवाणूंना शेण मिळालं. म्हणजे लग्नाची पंगतच की! खळ्यात उरलेला तलाठ्याचा वासही त्यांनी फस्त केला.

त्यानंतर फेणी पहिल्यांदा फिस्कारली. तलाठी नेहमीसारखा तिच्याजवळ जाऊन आडवा झाला, तिनं नाक लावलं, आणि पाठीची कमान करून असा पंजा मारला की त्याच्या नाकावर रक्ताची रेघ उठली. इतकी वर्षं ज्याच्या पोटाशी झोपली त्याला! दिसणाऱ्या एका डोळ्यानं ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या लेखी तिथे तलाठी नव्हताच. तलाठ्याएवढं काहीतरी होतं, बस.

मग बाबलकाकांचा वाघ्या. दोघं पिल्लं असल्यापासूनचे दोस्त. वाघ्या धावत आला, शेपटीखाली हुंगलं, आणि परका कुत्रा घुसल्यासारखा भुंकत सुटला.

पण सगळ्यात वाईट ह्याहून वेगळंच होतं. तलाठी स्वतःचा पंजा हुंगायचा आणि दचकून मागे सरायचा. वळून कुशीत नाक घालायचा, पुन्हा, पुन्हा, काहीतरी हरवल्यासारखा. झोपायच्या जागी जायचा, गोल फिरायचा, बसायचाच नाही. खळ्यात त्याचा वास नाही, पडवीत नाही, अंगावर नाही. जेवणाच्या थाळीला तोंड लावेना. एका सकाळी उल्कानं बघितलं, तो गडग्याच्या कोपऱ्यावर गेला, पाय वर केला, आणि मध्येच खाली ठेवला. ही जमीन कुणाची हे त्यालाच ठाऊक नसल्यासारखा.

तिनं डॉक्टर लोबोंना फोन लावला. सारवणाचं ऐकून त्यांनी कपाळावर मारलेला हात फोनमधून ऐकू आला.

"खळ्याचं सोड, ते खरवडून नव्या शेणानं सारवलं की उन्हानं मरतील. पण ह्याच्या अंगावरचं... अगं, आपण आरशात बघतो ना, तसं ते स्वतःला हुंगतात. आपण त्याचा आरसाच काढून घेतला. कंपनीची कुत्री पिंजऱ्यात वाढलेली, एकेकटी. त्यांना ओळखणारं तिथे होतं कोण?"

"काढता येईल?"

"औषधी शाम्पूनं धुता येईल. पण मग गोचिडी आहेतच. आणि त्याचे मूळचे जिवाणू आणायचे कुठून? त्याची एखादी जुनी वस्तू, न धुतलेली?"

गोणपाट तर चुलीत गेलं होतं.

बाबांना तिनं सांगितलं तेव्हा ते मोबाईलवर काजूची झाडं बघत होते. "गोचड नाय ना? मग झाला तर," ते मान वर न करता म्हणाले. "कुत्र्याक नाक नसला तरी चलात. माका जीव होयो."

"तो जेवणा नाय, बाबा!"

"मी पण जेवी नाय होतंय. कोण मेला नाय."

उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं की कशानं, तिलाच कळेना. चूक तर बाबांचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलाठी नव्हता.

---

हाका मारून झाल्या, बाबलकाकांच्या गोठ्यात बघून झालं, वहाळाच्या पाण्यापर्यंत जाऊन झालं. उल्कानं ड्रोन वर उडवला. वरून बघायचं तर काजूचा नुसता हिरवा गालिचा, खाली कुत्रा आहे की काय आहे, दिसणार कसं?

"मांगरात बघ," बाबा म्हणाले.

मांगर म्हणजे बागेतली झोपडी. मोसमात राखणीला बाबा तिथेच असायचे.

"कित्याक?"

बाबा खुर्चीत पुढे सरकले होते. "माजा कांबळा आसा थंय. आमी दोघा ताच्यावरच पडी होतो. गेल्या वर्षापास्ना कोणी हात लावूक नाय." मग उल्काकडे न बघता म्हणाले, "हॉस्पिटलात माका माजोच वास येय नाय होतो गो. सगळो फिनेलाचो. हात बघलंय तरी वाटा, हे कोणाचे हात? मी त्या नर्सीक सांगी होतंय, माजा कांबळा हाडून दी. तिका वाटला, ह्याका थंडी वाजता."

उल्कानं गमबूट चढवले, पँट बुटांत खोचली, लांब बाह्यांचा सदरा घातला, अंगाला गोचिडींचं मलम फासलं. मांगराकडची पायवाट नकाशावर नुसती लाल नाही, काळपट लाल दिसत होती.

ती गडग्यापर्यंत पोचली आणि मागे बूट वाजले.

बाबा. पँट मोज्यांत कोंबलेली, हातात काठी, चेहरा पांढराफटक. खळ्याच्या कडेशी ते थांबले. आई दारातून "अहो!" एवढंच म्हणाली. आणि त्यांनी पाय टाकला. वर्षभरानं.

"माका सोडून तुका वाट गावाची नाय," ते म्हणाले. वाट सापडायला काय, ती उल्काला पाठ होती. ती म्हणाली, "नायच गावाची. चला."

चढ चढताना बाबा गवताला शिवत नव्हते, काठीनं बाजूला सारत होते, आणि प्रत्येक वळणावर पायाकडे बघत होते. पण थांबले नाहीत. स्वतः लावलेली झाडं दिसायला लागली तशी नजर हळूहळू पायांवरून वर गेली. "ह्याका मोहर बरो इलो," एवढंच म्हणाले. मोबाईलवर तेच झाड त्यांनी शंभरदा बघितलं असेल, पण असं बोलले नव्हते.

तलाठी मांगरातच होता. कोपऱ्यातल्या कांबळ्याच्या कडेशी पडलेला, नाक घड्यांत खोल खुपसून. त्यांना बघून शेपटी हलवली, पण नाक काही बाहेर काढेना. इतक्या दिवसांत उल्कानं त्याला असं शांत बघितलं नव्हतं.

ती कांबळ्याशी वाकली आणि तिचा हात हवेतच थांबला.

कांबळ्यावर गोचिडी होत्या. बारक्या, तिळाएवढ्या. आणि बघा हं, सगळ्या कांबळ्यावर नव्हत्या! एका कोपऱ्यात, जिथे लोकर तेलकट काळी पडली होती, जिथे वर्षानुवर्षं तलाठ्याचं डोकं टेकायचं, तिथे दाटीवाटीनं जमल्या होत्या, पुढचे पाय हवेत उचलून. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर खराखुरा कुत्रा पडला होता, गरम, श्वास घेणारा, रक्तानं भरलेला. त्याच्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं.

"बाबा, मागे ऱ्हवा," ती म्हणाली. आणि मग एकदम ओरडली, "सापळा झाड!"

"काय?"

"अहो, सापळा झाड! काजूवर फवारताना आमी बागेत एक झाड तसाच सोडतो ना, कीड सगळी त्या झाडावर येऊची म्हणान! मग फक्त ता एक झाड तपासायचा. आख्खी बाग नाय!"

बाबांनी कांबळ्याकडे बघितलं, तलाठ्याकडे बघितलं. शेतकरी माणूस, पुढचं सांगायला लागलंच नाही.

"म्हणजे तेच्या अंगावर एक झाड सोडूचा," ते सावकाश म्हणाले.

---

कांबळं पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, गाठी मारून घरी आलं आणि थेट फ्रीजरमध्ये गेलं. आईनं घर डोक्यावर घेतलं.

"माज्या सुरमयच्या बाजूक गोचडी?"

"आई, थंडीत गोचडी मरतले. जिवाणू मरणा नाय, ते नुसते झोपतले. आपणाक तेच होये."

"मगे माजी सुरमय खंय जातली?"

"बाबलकाकांच्या फ्रीजरात."

"तो माणूस खाऊन बसात ती!" आई म्हणाली. पण सुरमई तिनं स्वतःच काढली, आणि मग खराटा घेऊन खळं खरवडायला लागली, नव्या शेणानं सारवायला. ह्या वेळी नुसत्या शेणानं. मध्येच म्हणाली, "माका काय म्हायत, कुत्र्याचा नाव त्या बाटलीत बुडात म्हणान." तलाठ्याच्या थाळीत त्या दिवशी तिनं माशाचा मधला तुकडा घातला.

डॉक्टर लोबोंनी ऐकून आधी नाही म्हटलं. मग चष्मा काढला. मग म्हणाल्या, "असं कंपनीनं कुठेही सांगितलेलं नाही."

"कंपनीनं फेणीला कुठे विचारलं होतं?"

"तुझ्या बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे, उल्का. बाकीच्या अंगावर एक जरी गोचीड सापडली तर मी ती जागा पुन्हा बंद करणार. तेव्हा वाद घालायचा नाही."

"नाही घालणार. पण बंद करायच्या आधी बघू तरी द्या."

जागा कुठली सोडायची, हे खळ्यात ठरलं. कान नको, तिथे तलाठ्याचं नाक पोचत नाही. पाठ नको, तिथे फेणी टेकत नाही. उजवी मांडी, बाहेरच्या अंगाला. वळलं की नाक लागतं, झोपलं की मांजर टेकतं. केवढी सोडायची? बाबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी आपला तळहात त्या मांडीवर ठेवला. उल्कानं हाताच्या कडेकडेनं पेनानं रेघ मारली. आतले केस बारीक कापले, औषधी शाम्पूनं तेवढीच जागा धुतली, आणि रोज संध्याकाळी फ्रीजरमधून काढून गरम केलेल्या त्या कांबळ्याचा तुकडा तिथे चोळला. तलाठी तोंड फिरवून कंटाळल्यासारखा उभा राहायचा. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. निळ्या बाटलीतले जिवाणू चिवट होते, रेघ ओलांडून आत यायचे, उल्का पुन्हा धुवायची, पुन्हा चोळायची. "कंटाळलीस काय?" बाबांनी विचारलं. "मी काय कंटाळणा नाय. तेंका कंटाळूक लावतंय," ती म्हणाली आणि चोळत राहिली.

आणि मग एका तिन्हीसांजेला, आई तुळशीपाशी दिवा लावत होती, तलाठी खळ्यात नेहमीसारखा गोल फिरत होता, फिरता फिरता त्याचं नाक मांडीला लागलं.

तो थांबला.

पुन्हा हुंगलं. खोल, डोळे मिटून. कान मागे गेले, शेपटी ताठ झाली, आणि मग त्यानं जी हुंगायला सुरुवात केली ती थांबेचना! तळहाताएवढा तो तुकडा, त्याच्याभोवती अख्खा कुत्रा गरगर फिरत होता, आणि उल्का तोंडावर हात दाबून बघत होती, कारण आवाज केला तर मोडेल असं तिला वाटत होतं. मग तो धावला. सरळ गडग्याकडे. पहिला कोपरा, पाय वर. दुसरा कोपरा, पाय वर. अख्ख्या जमिनीची मोजणी करून, धापा टाकत परत आला आणि थाळीतला भात चाटूनपुसून संपवून टाकला.

"तलाठी कामावर रुजू झालो," बाबा म्हणाले.

फेणी मात्र लगेच आली नाही. ती कट्ट्यावर बसून तो आंबूस, ओळखीचा वास हवेत चाचपत होती. तलाठी आडवा झाला तशी उतरली. त्याच्या तोंडावर फिस्कारली, पाठीवर फिस्कारली, पायांवर फिस्कारली, मांडीपर्यंत पोचली आणि गप्प झाली. डोकं बरोब्बर त्या तुकड्यावर टेकलं आणि घुरघुरायला लागली. बाकीचा कुत्रा परका असेना का, तिला तेवढा पुरला.

त्या दिवसापासून घरात एक नवीन रीत पडली. तलाठी बाहेरून आला की आधी गडग्यापाशी बसायचं, उल्कानं सगळं अंग चाचपायचं, मग मांडी दाखवायची. आणि मांडी बघायचं काम मागून घेतलं बाबांनी. "माजोच हात आसा तो," ते म्हणाले. खुर्ची त्यांनी आत पडवीतून उचलून गडग्याला आणून लावली. शेजारी साबणाच्या पाण्याचा डबा, हातात चिमटा, डोळ्यांवर भिंग. उल्का त्यांच्याकडे चोरून बघायची. प्रत्येक वेळी ते आधी आपले पाय तपासायचे.

डॉक्टर लोबो बघायला आल्या त्याच संध्याकाळी ती सापडली. तलाठी बागेतून परतला होता, बाबांबरोबर, हो, बाबांबरोबरच, आणि कापलेल्या केसांच्या मधोमध, उघड्या कातडीवर, तिळाएवढी गोचीड. अजून चावलीही नव्हती, जागा शोधत फिरत होती. उल्कानं बाकीचं अंग इंचाइंचानं बघितलं, डॉक्टरांनी तिच्यानंतर पुन्हा बघितलं. कुठे काही नाही. एकच झाड, एकच कीड.

"मी काढू?" उल्कानं विचारलं.

बाबांनी भिंग सारखं केलं. वर्षभर त्यांना वाटायचं, ती कुठेही असेल, खुर्चीवर, चादरीत, काखेत, झोपेत. आता ती इथे होती, त्यांच्या स्वतःच्या तळहाताएवढ्या जागेत, आणि ते तिच्याकडे बघत होते. चिमटा हळूहळू खाली गेला. तेवढ्यात फेणी मधे घुसली आणि हक्कानं आपलं डोकं त्या जागेवर टेकवायला लागली.

"सरक गो भवाने," बाबा म्हणाले, आणि डाव्या हातानं मांजराला अलगद बाजूला केलं. "आधी माका बघूक दी. मगे नीज."